उठायच्या बेतात बसलेला माणूस

महाळुंग्याची जमीन बिल्डरला दिल्यापासून हैबतरावांच्या पायाला भिंगरी लागली होती. घोटावड्यात नवं घर झालं, वरच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं गेल्या, आणि मग हाताला काही कामच उरलं नाही. अर्धा चहा तसाच ठेवून ते मोटारसायकलला किक मारायचे. कधी पौड, कधी पिरंगुट. कुणी ओळखीचं भेटलं तर दोन शब्द बोलायचे आणि तिसऱ्याला "येतो" म्हणून निघायचे.

"यमाला बी तुमचा पत्ता घावायचा न्हाय," त्यांच्या बायको प्रभावतीबाई म्हणायच्या.

असंच भटकताना एका रविवारी त्यांना इनामदारांच्या बागेचं फाटक उघडं दिसलं. बरीच वर्षं त्याला कुलूप होतं. आता वारसांनी बाग एका संस्थेला चालवायला दिली होती आणि दर रविवारी आसपासच्या गावांतली माणसं तिथं चित्रं काढायला, मातीकाम करायला, वाचायला जमत. हैबतराव आत शिरले. दगडी कारंज्याभोवती सात-आठ जणं मांडीवर कागद घेऊन बसली होती.

"हितं काय चाललंय?"

चित्रं शिकवणाऱ्या मृण्मयीनं वर पाहिलं. ती पुण्याहून यायची. समोर उन्हानं रापलेला चेहरा, झुपकेदार मिशा.

"काका, थोडा वेळ आमच्यासमोर बसाल? आम्ही तुमचं चित्र काढतो."

"बसायचंच ना? त्यात काय एवढं," म्हणत हैबतराव बकुळीखालच्या ओट्यावर ऐटीत बसले.

पण बसणं काही जमेना. आधी मिशीवरून हात फिरला. मग फोन काढून पाहिला. मग पलीकडं नळीतून पाणी वाया जाताना दिसलं, तसे ते उठले, नळी आंब्याच्या आळ्यात सोडून आले आणि भलत्याच बाजूला तोंड करून बसले. उरवड्याच्या कारखान्यात कामाला जाणारी गौतमी समोरच होती. तिनं खोडरबर खाली ठेवलं.

"आबा, तुमी हाललात की मला तुमचं नाक पुसावं लागतंय."

सगळे हसले, हैबतरावही हसले. पण ती गोष्ट त्यांना लागली. उभ्या गावात ज्याच्या शब्दाला मान होता त्याला ओट्यावर बसता येऊ नये? घरी आल्यावर ते भिंतीला पाठ लावून बसायची सवय करू लागले. आणि तेव्हा त्यांना कळलं, अडचण पायांची नव्हतीच. अंग स्थिर झालं की विहीर डोळ्यांपुढं यायची. त्यांच्या वडलांनी खणलेली ती विहीर पोकलेननं एका सकाळीत बुजवली होती. हैबतराव बांधावर उभे होते आणि साहेब लोकांना "चहा घ्या" म्हणत होते.

पुढच्या रविवारी ते पुन्हा ओट्यावर बसले आणि चांगले बराच वेळ बसले. गौतमीच्या कागदावर नाक झालं, मिशा झाल्या. मग एकाएकी ते उठले, कुणाशी न बोलता फाटकाबाहेर पडले आणि थेट महाळुंगे गाठलं.

त्यांच्या शेतात आता उंच इमारती होत्या. गेटवर गणवेशातला परप्रांतीय पोरगा होता.

"किससे मिलना है, अंकल?"

हैबतरावांनी तोंड उघडलं. कुणाचं नाव सांगावं? विहिरीला भेटायचंय असं कुठल्या भाषेत सांगतात? "कोई नहीं," म्हणून त्यांनी गाडी वळवली.

त्यानंतर ते बागेत गेलेच नाहीत. अखेर गौतमीनं त्यांना नाक्यावर चहाच्या टपरीपाशी गाठलं.

"आबा, तुमचे हात राह्यलेत काढायचे."

"मला न्हाय जमत बसायला, पोरी."

"मग नका बसू. मॅडम म्हणल्यात, त्यांना चालू द्या, आपण पळत काढू."

आणि खरंच तसं झालं. हैबतराव कारंज्याभोवती, आंब्यांमधून हिंडत राहिले आणि मागंपुढं पोरंबाळं, बाया कागद घेऊन धावत राहिली. चार रेघांत पाठ, दोन रेघांत पाय. मृण्मयी एवढंच म्हणत होती, "थांबू नका. ते थांबत नाहीयेत." त्या दिवशी हैबतरावांना कुणी बसा म्हटलं नाही.

पावसाळा संपल्यावर बागेत चित्रं मांडली. तिथल्या इनामदारांच्या जुन्या घराच्या पडवीत दोऱ्या बांधून कागद लटकवले. हैबतराव प्रभावतीबाईंना घेऊन गेले. चालत्या माणसाची चित्रं बघून बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. गौतमीच्या चित्रापुढं मात्र थांबल्या. त्यात हैबतराव ओट्याच्या कडेला बसले होते, एक टाच उचललेली, तळवे गुडघ्यांवर रेटलेले. आता उठतील असे.

"हे बरोबर काढलंय," त्या म्हणाल्या. "जेवताना बी असंच बसता तुमी."

हैबतराव चित्राच्या जवळ सरकले. मग चित्राकडंच बघत म्हणाले, "मी महाळुंग्याला गेल्तो. आत सोडलं न्हाय."

"मला बी न्हाय सोडलं."

त्यांनी वळून पाहिलं. "तू कवा गेलीस?"

"गेल्या दिवाळीच्या आधी. बसनं. तुमी पौडला गेल्ता तवा. विहिरीजवळचा शेवगा तरी ठेवलाय का बघावं म्हणलं."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी घरात बसल्यावर सांगणार हुते."

बायको घरात सुखानं नांदतेय आणि तळमळ काय ती आपल्यालाच, असं हैबतराव धरून चालले होते. पडवीतल्या गर्दीत दोघं तशीच उभी राहिली. मृण्मयीनं खुर्ची पुढं केली, ती दोघांनीही घेतली नाही.

पुढच्या रविवारी प्रभावतीबाई गाडीवर मागं बसून बागेत आल्या. मातीकामाच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी नुसती माती मळली, मळली आणि काही न घडवताच ठेवून दिली. हैबतराव अजूनही घरात टिकत नाहीत. संध्याकाळ झाली की गाडीची किल्ली उचलतात. पण आता उंबऱ्यात थांबून कुठं निघालो ते सांगतात, आणि कधीकधी बाई "थांबा, मी बी येते" म्हणत चपला शोधू लागतात.