दुसरी पेन्शन

कोषागारात पेन्शनच्या टेबलावर निम्मी नोकरी लातूरला झाली, निम्मी नांदेडला. बदल्याही माझ्या नि शेजारच्या खुर्चीवरच्या शेखभाईंच्या जोडीनंच व्हायच्या. रिटायर होताना शाल मिळाली, नारळ मिळाला. किस्से मात्र न मागता साठले. बहुतेक सगळे दुसऱ्या पेन्शनचे.

*

उदगीरचे एक काका. फौजेतून आले आणि सरकारी गोदामावर चौकीदार झाले. नोकरी आहे तोवर तुमच्या फौजेच्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळणार नाही, असं आम्ही त्यांना सांगितलं.

काका शांतपणे म्हणाले, "मग भाजीवालीला काय सांगू? निम्मा फौजी हाय, निम्म्या भावात दे?"

शेखभाई म्हणाले, "विचारून बघा. दिली तर आम्हालाबी कळवा."

*

देवणीच्या एक बाई, रिटायर्ड शिक्षिका. नवराही शिक्षक होता, तो वारला. स्वतःची पेन्शन होतीच, त्यात त्याची कुटुंब पेन्शन सुरू झाली. दरवर्षी आम्हाला पेढे आणायच्या. कशाचे, ते सांगायच्या नाहीत.

एकदा शेखभाईंनी पेढा तोंडात टाकूनच विचारलं. बाई कुजबुजल्या, "दोन दोन उचलते. कुणाला बोलू नका."

दोन्ही तुमच्या हक्काच्या आहेत म्हटल्यावर बाई बाकावर बसल्याच. म्हणाल्या, "पैसे आणले की ह्यांचा फोटो भिंतीकडं वळवून ठेवायचे हो मी."

*

नांदेडची एक विधवा. नवऱ्यानं आधी फौज केली, मग सरकारी शिपाईगिरी. त्या काळी दोन्हीकडची कुटुंब पेन्शन मिळत नसे. एक निवडा म्हटल्यावर ती म्हणाली, "नोकऱ्या दोन केल्या त्यांनी. मी एकाच नोकरीची विधवा का?"

पुढं नियम बदलला. शेखभाई स्वतः सायकलवर सांगायला गेले. दार नव्या भाडेकरूनं उघडलं. म्हणाला, बाई मागच्याच वर्षी वारल्या.

*

बिलोलीकडची एक म्हातारी. नवरा कधीच गेलेला, निराधार योजनेचे थोडे पैसे मिळायचे. एकुलता एक पोरगा पोलिसात होता, बिनलग्नाचा. तो ड्युटीवर असतानाच वारला. त्याची पेन्शन आईला मंजूर झाली, म्हणून निराधारचे पैसे बंद होणार होते.

ती म्हणाली, "मोठी नगं. ल्हानीच चालू ठिवा. नवरा मेलाय, ते मला ठावं हाय. पोराच्या मरणाचं मी घेणार न्हाई."

मी नियम समजावत बसलो. शेखभाईंनी मला गप्प केलं. "माय, मरणाचं न्हाई हे. पोराची कमाई हाय."

"म्हंजी त्योच धाडतो?"

"हाव."

तिनं घेतली.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आली. मशीनवर अंगठा उमटला, तरी टेबलापासून हलेना.

"माझं झालं. आता पोराचाबी दाखला घ्या की."

शेखभाई म्हणाले, "धाडणाऱ्याचा घेत न्हाईत, माय."