वेरेआराचं भेंडीखालचं बसणं

आमच्या आतिऊ बेटावर तिवाएवाए, म्हणजे आमची नक्षीची चादर, शिवणाऱ्या बायका हव्या तेवढ्या मिळतील, पण कापड कापावं ते माझ्या चुलत बहिणीने, वेरेआरानेच. लाल कापडाची आठपदरी घडी घालून ती एका दमात नक्षी कापते आणि आम्ही बाकीच्या ती पांढऱ्या चादरीवर टाके घालून बसवतो. चाळीस वर्षांत तिचा हात चुकला नाही. पाचही गावांच्या बायका कापड घेऊन तिच्या दारात ताटकळतात.

आणि ही बाई काय करते? दुपार कलली की कात्री खाली ठेवून किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाखाली जाऊन बसते. हातात विणकाम नाही, तोंडात गप्पा नाहीत. नुसती बघत बसते. मला हे कधी मानवलं नाही, आणि मी ते कधी लपवलंही नाही.

माझ्या लेकीच्या, तेरेआपीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. कापडाची पुढची बोट लग्नानंतर येणार होती. लेक आईच्या तिवाएवाएशिवाय सासरी गेली तर लोक आईलाच नावं ठेवतात. घडी घातलेली, वर पेन्सिलीने नक्षी काढलेली, आणि वेरेआरा उठली.

"अगं, कुठे निघालीस? सहा जणी सुया ओवून बसल्यात!"

"आले गं तासाभरात."

"झाड काय पळून जातंय?"

"झाड नाही, फुलं जातात. सकाळी पिवळी असतात, आत्ता लाल होऊन गळतील."

"मग गळू देत! तू काय झेलणार आहेस?"

ती हसली आणि गेली.

उतावळ्या नवऱ्याचं ऐकलं होतं. इथे नवरीची आईच गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती. रेघ तर आखलेलीच आहे, म्हणून मी कात्री उचलली. कात्री चालवायची असते मोकळ्या काठाने, मी चालवली घडीच्या बाजूने. कापड उलगडलं तर अख्ख्या नक्षीऐवजी चार सुटे तुकडे मांडीवर पडले. मी रडायला लागले.

वेरेआरा परतली तेव्हा शिव्या खायची माझी तयारी होती. तिने तुकडे पाहिले, चादरीच्या चार कोपऱ्यांना चार फांद्यांसारखे मांडले आणि मला म्हणाली, "अगं तुंगाने, डोळे पूस आणि चिंध्या गोळा कर."

त्या चिंध्यांतून तिने रेघ न आखता फुलं कापली. एक तोंड वर करून पडलेलं, एक कलंडलेलं, एक अर्धं मिटलेलं. फांद्यांखाली ती विखुरली आणि मधली जागा पांढरीच सोडली.

"इथे काय लावायचं?" मी विचारलं.

"काही नाही. झाडाखाली तुझ्या लेकीला बसायला जागा नको?"

लग्नात तिवाएवाए अंथरली की ती कोणी कापली हे नवरीच्या आईने सगळ्यांसमोर सांगायचं असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आइतुताकी बेटावरून आलेली नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "मधे रिकामं का हो? कापड संपलं वाटतं!"

सभागृह हसलं. वेरेआराने मान खाली घातली. ती मेली असती तरी माझं नाव सांगितलं नसतं तिने.

"कापड संपलं नाही, मी वाया घालवलं," मी म्हणाले. "उतावळेपणाने मी चुकीचं कापलं आणि हिने ते सावरलं. ही रोज झाडाखाली बसते म्हणून मी हिला जन्मभर आळशी म्हणत आले. आता जरा वाकून बघा. यातलं एक फूल दुसऱ्यासारखं नाही. तुमच्या बेटावर असं बघणारी एक तरी बाई असेल तर दाखवा मला!"

आत्याबाई खरंच गुडघ्यांवर बसल्या. एकेका फुलावरून बोट फिरवत त्या चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग उठल्या, स्वतःच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढला आणि वेरेआराच्या डोक्यावर ठेवला. सगळे तिच्याभोवती जमले. नवरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मी नवरीची आई असून मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.