उकिरड्यावरचे बूट

फुलचूरच्या रहांगडाल्यांची सून मंजू पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावायची. कुठल्या स्पर्धेसाठी नाही, बक्षिसासाठी नाही. शाळेत दिवसभर मुलांच्या गोंगाटात आणि घरी सासूच्या देखरेखीत राहायचं, तर तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता. सलवार-कुर्ता, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पानठेल्यावरची माणसं हसायची. शेजारचा भैयाजी तर रोज न चुकता विचारायचा, "काऊन मास्तरीनबाई, गाडी सुटली का?"

दोन हजार आठ सालच्या दिवाळीआधी याच भैयाजीने हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाचे भारे रस्त्यावर अंथरले. ट्रक-ट्रॅक्टर वरून जातात आणि मळणी फुकटात होते, ही आपल्याकडची जुनी अक्कल. दवाने भाऱ्यांची तणीस ओली झाली होती. मंजूचा पाय सरकला, घोटा मुरगळला आणि ती रस्त्यावर आडवी झाली. भैयाजी धावत आला. "अरे रे, माझे भारे इस्कटले ना!" हे त्याचं पहिलं वाक्य.

नवरा श्यामलाल तिला दवाखान्यात न्यायला निघाला होता. पण दवाखाना म्हणजे प्लास्टर, आणि प्लास्टर म्हणजे दीड महिना, अशी मंजूचीच धास्ती. गावातला हाडवैद्य बिसराम हाड बसवून आठवड्यात माणूस चालतं करतो, हे तिने शाळेत ऐकलं होतं. बी.ए. झालेल्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "बिसरामले बोलवा."

बिसरामने उडदाच्या पिठात अंडी फेटली आणि लगदा तयार केला. सासूच्या, अनुसयाबाईंच्या घरात कधी अंडं शिरलं नव्हतं. त्यांनी पदर नाकाला लावला.

"अंडं चालन का गा आमच्या घरी?"

"खाते कोन, मावशी? पायाले लावून राहिलो."

यावर त्यांचं समाधान झालं. घोट्यावर लगदा थापला, बांबूच्या कामट्या बांधल्या, वर जुन्या धोतराची पट्टी आवळली. "देवदिवाळीपर्यंत सोडाची नाही," बिसराम बजावून गेला. आठवड्यात चालतं करण्याचं काही तो बोलला नाही.

चारच दिवसांत पट्टीला वास सुटला. आणि त्याच सुमारास मंजूचे डोळे पिवळे झाले. श्यामलाल तिची लघवी बाटलीतून दवाखान्यात तपासून आला; कावीळ निघाली. आता तिला फोडणीचा वास सोसेना, धुपाचा सोसेना, श्यामलालच्या केसांच्या तेलाचा तर मुळीच नाही. आणि तिच्याच पायातून, तिच्याच पांघरुणाखालून, सडक्या अंड्याची घाण वर येत होती. तोंड फिरवून जावं तरी कुठे? पाय तिच्यासोबतच होता.

पाहायला येणाऱ्या बायका ग्लुकोजची बिस्किटं घेऊन यायच्या, खाटेपासून चार हात लांब बसायच्या आणि तोंडावर पदर धरून सल्ले द्यायच्या.

"बाईमानसानं धावलं का गर्भाशय सरकते म्हने."

"हिची तर कावीळ पन धावल्यानंच झाली."

मंजूला त्या बायकांची किळस आली. बिस्किटांची आली. आणि त्यांचं ऐकून आपण मान डोलावतो याची सगळ्यात जास्त. पट्टी सोडू म्हटलं की अनुसयाबाई म्हणायच्या, "वाकडा राह्यला पाय तर मंग धाव जन्मभर!" तेवढ्या एका धमकीने ती गप्प व्हायची. धावायला मिळणार नाही, याशिवाय तिला दुसरी भीतीच नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. पांघरूण काढलं. खाटेच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग थेट तिच्या पट्टीत शिरत होती. मंजूने भाजीची विळी मागवली नाही, स्वतः फरफटत जाऊन आणली. पट्टी कापली, कामट्या भिरकावल्या आणि तिथेच भडाभडा ओकली. घोट्याची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटून आली होती. पोटरी एवढी वाळली होती की ती आपली वाटेना.

त्या संध्याकाळी तरी दवाखाना झाला. हाड मोडलंच नव्हतं. नुसती नस ताणली होती. डॉक्टर जखम धुताना एकदाच म्हणाले, "एवढं शिकून?"

जखम सुकली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, हळूहळू भात पोटात राहू लागला. अंगणात थोडं चालून पाहा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मंजूने बूट शोधले. पलंगाखाली नव्हते, माळ्यावर नव्हते. श्यामलाल खाली पाहू लागला.

"उकिरड्यावर टाकले मी," अनुसयाबाई सरळ म्हणाल्या. "पनोती होते ते. आता तरी बस घरी."

मंजू काठी टेकत गोठ्यामागे गेली. शेण, राख, भाज्यांची सालं. त्यातून डोकावणारी तिचीच कापलेली पट्टी, कुजून काळी पडलेली. तिच्या खालून एका बुटाची नाडी दिसत होती. तिने श्वास धरला आणि कोपरापर्यंत हात घातला. एक निघाला. दुसऱ्यासाठी गुडघे टेकावे लागले.

"शी, शी, शी! कोन हात लावते त्याले?" अनुसयाबाई दारातून ओरडल्या.

"याच्यापेक्षा घान तुमी माझ्या पायाले बांधून ठेवली होती, आई. तवा नाही म्हनलं शी."

अनुसयाबाई आत निघून गेल्या. मंजूने बूट सोड्याने तीनदा घासले, तरी वास पुरता गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तसेच ओलसर घालून ती लंगडत फाटकाबाहेर पडली. धावणं दूरच, पाऊल धड पडत नव्हतं. रस्त्यावर आता उशिरा पिकणाऱ्या भारी धानाचे भारे पसरले होते.

भैयाजी दात घासत उभा होता. "काऊन मास्तरीनबाई, आज मालगाडी का?"

"तू पयले रस्ता झाड," मंजू म्हणाली, आणि काठीने भारा बाजूला लोटून पुढे गेली.