क्लच पूर्ण दाबलाय असं मला वाटत होतं

माझ्या जुन्या गाडीची सीट कव्हरं मी शिवली. गिअरची मूठ सागवानातून मी घडवली. दाराचा सडलेला पत्रा कापून नवा मीच वेल्ड केला. कुठलाही कोर्स न करता. म्हणून मंडळी, आजची पोस्ट जरा नीट वाचा.

महिनाभर पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना जोर लागतोय, वर करकर. इंजिन बंद असलं की मात्र सगळे गिअर सहज पडतात. म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाही. मी ऑइल बदललं, क्लचची केबल नवी घातली, पेडलचा प्ले, म्हणजे वरची मोकळी जागा, मोजून लावला. करकर तशीच.

आज सकाळी मुलुंडला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारचा परब टॉर्च घेऊन पेडलपाशी वाकला.

"क्लच पूर्ण दाब ना रे."

"दाबलाय."

"कुठे? अजून दोन बोटं जागा आहे. नाश्ता नाही केलास काय? जोर लाव!"

"अरे, लावलाय ना!"

मग तो स्वतः बसला. रिव्हर्ससकट सगळे गिअर आवाज न करता पडले.

बिघाड माझ्या डाव्या पायात आहे. त्याच पायातली चप्पल हल्ली चालताना निसटते. ती सैल झाली समजून मी पट्टा आवळला होता.

कोणाचा पाय असा न दुखता कमजोर झालाय का? आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलंत?

हा डबा भंगारवालाही घेणार नाही, असं रोज म्हणणारा परब उतरला तो चावी हातात धरूनच. माझ्या डाव्या पायाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "गाडी मला दे. सत्तर हजार देतो." मी नाही म्हणालो.