आबासाहेबांचं गप्प पाळणाघर

रंगूबाईला चौथीही मुलगीच झाली, तेव्हा सासूने बारसं केलंच नाही. नुसती 'नकोशी' म्हणून हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. तान्ह्या लेकराला असलं नाव ठेवणाऱ्यांच्या जिभेला काही हाड? रंगूबाईला मात्र ती हवी होती. पोरगी दुधासाठी असा टाहो फोडायची की कोऱ्हाळ्याच्या अर्ध्या आळीला कळायचं. रंगूबाई हसून म्हणायची, "हिला कुणी इसरायचं न्हाय."

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात ती पणदऱ्याला आबासाहेबांच्या मळ्यावर ऊस खुरपायला जायची. बायका ओळीने बसत, प्रत्येकीची खुरपायची आपली पट्टी, आपली पात. एखादी लेकराला पाजायला उठली की तिची पात मागे राही आणि मुकादम महिपती तोंडाचा पट्टा सोडी. म्हणून आबासाहेबांनी औतं ठेवायच्या कोठीत सहा पाळणे टांगून पाळणाघर काढलं आणि बारामतीचे पाहुणे बोलावून मिरवलंसुद्धा. राखणीला बसली महिपतीची आई, सिंधुबाई. मूल रडलं की त्याच्या आईला हाक मारायची, असं ठरलं होतं.

हाक कधी आलीच नाही. महिनाभर सगळ्या बायका सिंधुबाईच्या हाताचा गुण गात होत्या. रंगूबाईनेही गायला, आणि त्यासाठी तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. दुपारपर्यंत दूध दाटून चोळी भिजायची, छातीत ठणका लागायचा. संध्याकाळी पोरीला उचलावं तर ती मान टाकायची. अंगाशी धरली तरी ओठ हलत नव्हते. हातपाय काड्या झाले होते, आणि तो टाहो तर केव्हाच बंद पडला होता.

एका दुपारी ती पात अर्धी टाकून सरळ कोठीत शिरली. सहाही लेकरं निपचित पडली होती. जागा होता तो एकटा मानसिंग, सिंधुबाईचा दीड वर्षाचा नातू. तो पत्र्याचा डबा आपटून कोठी डोक्यावर घेत होता, तरी एकाही पाळण्यात हालचाल नव्हती. रंगूबाईने नकोशीच्या तळपायाला चिमटा काढला. पोर रडली नाही. कोनाड्यात एका डबीत मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या होत्या. नाकाशी धरताच तिला कळलं, अफू.

एका हातात पोर, दुसऱ्या हातात डबी, अशी ती आबासाहेबांच्या ओसरीवर गेली. ते जेवून सुपारी कातरत बसले होते, महिपती शेजारी उभा होता. डोईवरचा पदर न सावरता ती त्यांच्यासमोर उभी राहिली ती जन्मात त्याच दिवशी.

"आबासाहेब, ह्या गोळ्या लेकरांस्नी कुणाच्या हुकमानं देत्यात?"

"अगं, लेकरं निवांत झोपत्यात, तुमचं काम हुतंय. त्यात तक्रार कसली?"

तेवढ्यात सिंधुबाई धापा टाकत आली, मानसिंग काखेत, त्याच्या हातात तो डबा. "मी काय इख देते व्हय? आमच्या आज्यापास्नं बाळगोळी देत्यात!"

"आन् एवढा तमाशा कुणासाठी?" महिपती म्हणाला. "चवथ्या पोरीसाठी?"

रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. डबीतली एक गोळी चिमटीत धरून तिने मानसिंगच्या ओठांपाशी नेली.

"मग ह्यालाबी देऊ की एक. सकाळपास्नं डबा बडवतोय."

सिंधुबाईने नातवाचं तोंड झटकन आपल्या छातीशी दाबलं आणि दोन पावलं मागे सरली.

आबासाहेबांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. रंगूबाईने गोळी डबीत टाकली आणि डबी त्यांच्यापुढे ठेवली. "आता इचारा, तक्रार कसली ते."

आबासाहेबांनी डबी ठेवून घेतली, सिंधुबाईला परत दिली नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कोठीतून रडण्याचा एकच गलका उठला. बायका खुरपी टाकून धावल्या. "पाती मागं पडल्या!" म्हणून महिपती ओरडत राहिला. रंगूबाई क्षणभर तशीच कान देऊन बसली. त्या गलक्यात एक आवाज सगळ्यांच्या वर चढला.

"ही माझी," ती म्हणाली आणि पळत सुटली.