गाणारा थांबल्यावर

माझ्या आत्याने एकतीस वर्षं शर्टांच्या कॉलर शिवल्या, आणि त्यातली एकवीस वर्षं एका रेकॉर्डपायी घरादाराचं डोकं खाल्लं. ‘डोकं खाल्लं’ हे आतोबांचं म्हणणं. माझं म्हणणं उलट आहे. आम्हीच तिचं खाल्लं, आणि तेही हसत हसत.

रेकॉर्ड कुठल्याशा कंट्री रॉक बँडची. त्या बँडने उभ्या आयुष्यात एवढी एकच काढली आणि तीही कुणी घेतली नसावी, कारण बंद पडणाऱ्या दुकानाने ‘फुकट न्या’ म्हणून बाहेर ठेवलेल्या खोक्यात ती कोरी करकरीत पडली होती. आत्याला त्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिने ती उचलली पाकिटामागच्या फोटोमुळे. चौघे जण ऐटीत उभे, आणि कडेला एक जण टेबलासारख्या कशावर तरी वाकून बसलेला. चेहरा टोपीखाली गेलेला. टेबलाखाली मात्र पायाशी पट्ट्या आणि गुडघ्याशी लोखंडी दांडे स्पष्ट दिसत होते.

“हा माझ्या मशीनवर बसलाय,” ती म्हणाली.

कारखान्यातलं तिचं मशीन तसंच होतं. दोन्ही हात कापडात अडकलेले, पायाखाली मोटरचं पेडल. कॉलरच्या टोकाशी वळायचं तर सुई कापडातच ठेवून कापड दाबणारी पट्टी वर उचलावी लागते, आणि त्यासाठी हात मोकळा नसतो. मग टेबलाखालचा दांडा गुडघ्याने बाजूला ढकलायचा. असं दिवसातून हजारदा. आत्याचा उजवा गुडघा त्यामुळेच कामातून गेला.

रेकॉर्ड ऐकून आठवडा झाला नाही तोच तिने जाहीर केलं, की मागे जो लांबलचक सूर वाजतो, तो हाताने ओढलेला नाही, गुडघ्याने ओढलेला आहे. आतोबा पोस्टात होते आणि कुठल्याही गोष्टीचा निकाल लावून मोकळे व्हायची त्यांना खोड होती. “अगं, व्हायोलिन आहे ते,” ते म्हणाले. “गुडघ्याने कुणी वाजवतं का? उद्या म्हणशील कोपराने गातो.” तेव्हापासून आमच्या घरात त्या वाद्याला ‘रडकं’ असं नाव पडलं. पुढे मी रेडिओ केंद्रात ध्वनी विभागाला लागलो. तिथल्या एका गिटारवाल्याने सांगितलं, की याला पेडल स्टील गिटार म्हणतात. तारा टेबलावर आडव्या, डाव्या हातात पोलादी कांडी, आणि पायांनी-गुडघ्यांनी तारा ताणायच्या नाहीतर सैल सोडायच्या. मी मोठी बातमी आणल्यासारखा धावत घरी गेलो.

“मग मी काय म्हणत होते?” आत्या म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

पाकिटावर गाणाऱ्याचं नाव होतं, दोन गिटारवाल्यांची होती, ड्रमवाल्याचं होतं, फोटो काढणाऱ्याचं होतं, एवढंच काय, वाद्यं वाहून नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचंही होतं. या माणसाचं तेवढं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, “आत्या, तुझंही तसंच झालं. एवढ्या कॉलर शिवल्यास, नाव कंपनीचं.”

ती माझ्यावरच उखडली. “माझं त्याच्यात घुसडू नकोस. मला माझं नाव नकोय कुठे. हा कुणीतरी नीट ऐकावा, एवढंच हवंय.”

कारण आम्ही कुणी ऐकतच नव्हतो. दर रविवारी सकाळी ती दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लावायची. त्यात गाणारा आपलं दुःख सांगून थांबतो, आणि मग दीड मिनिट हा एकटा वाजवतो. आतोबा तेवढ्यात अंघोळीला उठायचे. मी बसायचो. हातात पेपर असायचा. तिने माझ्याकडे पाहिलं की मान डोलवायची, हे मला पाठ झालं होतं.

आमच्या केंद्रावर गुरुवारी दुपारी श्रोत्यांचा कार्यक्रम असतो. एक श्रोता स्टुडिओत येऊन आपल्या आवडीचं गाणं ऐकवतो आणि दोन शब्द बोलतो. आत्या निवृत्त झाली तेव्हा मी वशिला लावून तिला तो गुरुवार मिळवून दिला. ती इस्त्रीची साडी नेसून, रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आली. काचेपलीकडे ती आणि निवेदिका, अलीकडे यंत्रांपाशी मी.

निवेदिकेने विचारलं, “काकू, या गाण्यात तुम्हाला काय आवडतं?”

“गाणं नाही आवडत,” आत्या म्हणाली. “गाणारा थांबल्यावर जे येतं ते आवडतं. सगळ्यांनी तेव्हा जरा गप्प बसा. मी बोट वर करीन.”

रेडिओवर बोट कुणाला दिसणार म्हणून निवेदिका हसली. मीही हसलो. मग गाणं लावलं. पुढच्या बातम्यांची घाई होती, मी घड्याळाकडे बघत होतो. गाणाऱ्याने शेवटचा शब्द सोडला. आत्याने डोळे मिटले, बोट वर केलं. आणि माझ्या हाताने यंत्रावरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी सरकन खाली ओढली.

अकरा वर्षं मी तेच करत आलोय. गाणारा थांबला की गाणं संपलं, मागचं वाजवणं हळूहळू बुजवायचं आणि माइक उघडायचा. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. पट्टी परत वर न्यावी हे मला सुचेपर्यंत निवेदिका “वा, किती सुंदर” म्हणून मोकळी झाली होती. आत्याचं बोट अजून वरच होतं.

परतीच्या बसमध्ये मी बडबडत होतो. बातम्यांचं वेळापत्रक, हाताची सवय, निवेदिकेची घाई, जे सापडेल त्याच्यावर खापर फोडत होतो. आत्या अभ्र्यातली रेकॉर्ड मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. तिने एकदा खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिने तेच गाणं लावलं आणि खुर्चीत बसली. मी समोर. या वेळी पेपर नाही. गाणारा थांबला आणि मला तिचा गुडघा दिसला. सूर वर सरकायच्या जरा आधी तो दुखरा गुडघा साडीखाली बाजूला जायचा, सूर उतरायच्या आधी परत यायचा. एकवीस वर्षं मी या खोलीत बसत होतो आणि हे पाहिलं नव्हतं.

गाणं संपलं. मी म्हणालो, “आज कळलं मला, आत्या.”

“काय कळलं?” तिने विचारलं. “एका ठिकाणी तो वर जाता जाता मध्येच विचार बदलतो आणि अर्ध्यातून परत येतो. कुठे ते सांग.”

मला सांगता येईना.

“तू माझा गुडघा बघत होतास,” ती म्हणाली. मग पाकीट हातात घेऊन तिने त्या टोपीवाल्यावरून अंगठा फिरवला. “आतोबांचं मला कधी काही वाटलं नाही रे. ते उठून तरी जायचे. मला वाटायचं, तू ऐकतोस.”

मी उठलो, सुई उचलली आणि तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला परत ठेवली. ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.