होमराजच्या हरिकेनचा डावा पंख

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि बायकोला तर मी न घडलेल्या गोष्टीही सांगून ठेवतो. तुम्हीच पहिले. मधेच उठून गेलात तरी चालेल. एवढं लिहिता लिहिता मीच दोनदा उठलोय. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच.

मी अड्याळचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माझ्या बोलण्यातले बारा आणे वजा करून उरलेले चार खरे धरायचे, असा गावाचा रिवाज आहे, आणि तोही मला फार उदार वाटतो. नागझिऱ्याजवळ वाघ आडवा आला, मी स्कूटरचा दिवा डिम केला, तर त्यानं मान डोलावून बाजू दिली — हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला त्याच्या मिशाही आठवतात. कोणाचं काय बिघडलं? वाघाचं तर नाहीच.

पण एक जागा अशी होती जिथं माझा शब्द सोळा आणे चालायचा. हसू नका.

प्लॅस्टिकची विमानं. डब्यात चौकटींना लटकलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की महायुद्धातलं एक लढाऊ विमान तुमच्या तळहातावर उभं. दुकानाच्या मागच्या खोलीत मी नवा डबा उघडायचो आणि त्याचं परीक्षण मोबाइलवर चित्रित करून इंटरनेटवर टाकायचो. रेषा किती बारीक, काच किती नितळ, पंख अंगाला किती नीट बसतो. कुठकुठचे शौकीन ते पाहून ठरवायचे, हे किट घ्यायचं की नाही. आणि मी खिल्ली काय उडवायचो! एका परदेशी किटातल्या वैमानिकाला मी 'मांडवात रुसलेला जावई' म्हटलं होतं. तो दिसतच होता तसा. पण मोजमापात मी थाप मारत नसे. पट्टी ठेवायची, पट्टी म्हणेल ते सांगायचं.

बघा, अजून मी माझंच कौतुक करतोय. होमराजवर यायला हवं.

होमराज आणि मी आयटीआयला एका बाकावर. साकोलीला, हायवेला लागून, त्याचं लहानसं शेड आहे. फवारणी पंपाचे नोझल आणि बाटल्यांची झाकणं साच्यातून काढतो. विमानाचा नाद त्याला मीच लावला. पण मी जोडत बसलो, आणि त्यानं विचारलं, "बाहेरचंच कायले जोडाचं? आपलं काहून नाही काढाचं?" मग हा माणूस नोझलचं काम आटोपलं की साचा कोरायला बसू लागला. हरिकेन — आपल्याकडची पोरं ज्यातून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाली, ते विमान. दोन वर्षं तरी गेली असतील त्याची. मी लोकांना पाच सांगायचो, आणि त्यातली तीन माझी.

पहिला डबा निघाला तो घेऊन तो स्वतः अड्याळला आला. बसलासुद्धा नाही.

"तू पाह्य. जे असन ते सांगजो. वाईट असन तं वाईट सांग, पण खरं सांग. तू बरं म्हटल्याबिगर मी एकही डबा इकत नाही."

डब्याच्या कडेला त्याचं नाव छापलं होतं, आणि खाली: साकोली, जिल्हा भंडारा.

मी डबा उघडला. आता हे चार आण्यांत धरू नका — असं काम मी पाहिलं नव्हतं. या विमानाचं शेपटीकडचं अंग कापडी असतं. तर प्लॅस्टिकवर कापडाचा ताण दिसत होता. पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा मुंगीच्या पायाएवढ्या. वैमानिकाच्या डोक्यावरची काच वर्तमानपत्रावर ठेवली, तर अक्षरं वाचता आली. उजवा पंख कापून अंगाला लावला — टक्. बसला. डिंकाची गरजच नाही जणू.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला की. वरवर झाला.

दुसऱ्या दिवशी आसगावला लग्न होतं. मे महिना. आमच्याकडचं ऊन मला कधी वाढवून सांगावं लागत नाही. तेवढ्या एका बाबतीत देव माझ्याहून मोठा थापाड्या आहे. डबा मी मिरवायला सोबत नेला. मांडवात वऱ्हाड्यांना दाखवला, आणि म्हणालो काय? "आम्ही दोघांनी काढलं." मग डाव्या पंखाची चौकट कारमध्ये पुढच्या काचेखाली ठेवली — येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. लग्न लागायला उशीर, मग पंगत, मग पान. परत आलो तर पंख तव्यावरच्या पापडासारखा वळलेला.

गाडीच्या काचा बंद. ऊन सरळ. ठेवणारा मी.

गरम पाण्यात धरून हलक्या हातानं दाबला असता तर तो बराचसा सरळ झाला असता. हे मी स्वतः लोकांना शिकवलंय. नाहीतर एक फोन. 'होमराज, माझ्या गाढवपणानं पंख वाकला, दुसरा पाठव.' त्यानं चार शिव्या दिल्या असत्या आणि एसटीनं दहा पंख पाठवले असते.

मी कॅमेरा लावला.

पंखावर पट्टी ठेवली. पट्टी खोटं बोलली नाही, तिनं दाखवलं तेच मी दाखवलं. फक्त लग्नाचं, गाडीचं, उन्हाचं नाव काढलं नाही. म्हणालो, "मित्रहो, हे विमान उडायला नाही, हे धानाच्या बांधीत चिखल करायला उतरलंय!" आणि बरंच काही. लोक हसले. माझ्या कुठल्याच डब्यावर एवढे हसले नव्हते. का केलं? डब्यावर त्याचं नाव होतं, आणि मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे डबे उघडत आलो होतो — हे एक. दुसरं शोधायला गेलो तर तेही सापडेल. सापडून काय?

थांबा. खरं सांगायचं ते अजून आलंच नाही. थट्टेचं काय, ती पुसता आली असती. संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"पाह्यलं मी. पण माह्याकडचे सारे पंख तं सरळ आहेत बे. काचेवर ठेवून पाह्यले."

दार त्यानंच उघडून दिलं होतं. फक्त बाहेर पडायचं होतं. आणि मी — शब्द न् शब्द लिहितो — म्हणालो, "आज सरळ आहेत. माह्याकडं आला तवा सरळच होता. मंग वाकला. आतून सारखा थंडा नाही झाला तो. पाहजो तू."

तो म्हणाला, "बरं झालं गड्या, तू पाह्यलं. लोकाइच्या घरी जाऊन वाकला असता तं?"

माझे आभार मानले त्यानं. कळतंय का तुम्हाला? आभार.

साच्यात प्लॅस्टिक एका बाजूनं लवकर आणि दुसऱ्या बाजूनं उशिरा थंड झालं, तर भाग पुढं काही दिवसांनी वाकू शकतो. हे खरं आहे. म्हणून तर माझं खोटं इतकं चपखल बसलं. साच्याच्या लोखंडात थंड पाणी फिरायला वाटा पाडलेल्या असतात. होमराजनं ठरवलं, पंखाजवळ अजून एक वाट पाडायची. त्याआधी त्यानं मला विचारलं. मला! मी म्हटलं, "पाड." ड्रिल जरासं तिरपं गेलं आणि भोक साच्यातल्या पंखाच्या खाचेत निघालं — नेमकं तिथं, जिथं त्या मुंगीच्या पायाएवढ्या रेषा होत्या. साचा कामातून गेला.

मी साकोलीला गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा त्याइले, जेवून नाही राहिले." मी आत गेलो, भोक पाहिलं, त्यात बोट घालून पाहिलं. खरखरीत होतं कडेला. तेव्हाही सांगता आलं असतं ना? आत आम्ही दोघंच होतो, कॅमेरा नव्हता, हसणारं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "होते गड्या," आणि त्याच्यासोबत दोन घास जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, तेही बोललो.

पुन्हा साचा कोरायला तो बसला नाही. त्याला तीन-चार उन्हाळे झाले असतील. नोझल काढतो. मी परीक्षणं बंद केली. विचारलं तर सांगतो, डोळे अधू झाले. डोळे ठणठणीत आहेत.

गेल्या आठवड्यात साकोलीत काम होतं, म्हणून त्याच्या शेडमध्ये डोकावलो. त्यानं चहा सांगितला. चहा येईपर्यंत कपाटातून एक खोकं काढलं. आधी निघालेले पंख त्यानं टाकलेले नाहीत, कापसात गुंडाळून ठेवलेत. एक उचलला, काचेच्या तुकड्यावर ठेवला, आणि एक डोळा मिटून खालून पाहू लागला. मधूनमधून पाहतो म्हणे.

"अजून तं नाही वाकले," तो म्हणाला. "कधी वाकन बे?"

मी पंख हातात घेतला. उजेडाकडे धरला, कॅमेऱ्यासमोर धरायचो तसा, फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"वेळ लागते," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पंख परत कापसात ठेवला.